‘जड उचलू नका’ हा सल्ला आता मागे घ्या

आई ७४ व्या वर्षी न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलात दाखल झाली, ती स्वतःच्या पायांनी चालत. ताप होता, धाप लागत होती, पण दारापासून खाटेपर्यंत ती चालत गेली. अकरा दिवसांनी घरी आली तेव्हा ताप गेला होता, फुफ्फुसं साफ होती, सगळे रिपोर्ट चांगले होते. फक्त तिला खुर्चीतून उठता येत नव्हतं. दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकवायची, पुढे झुकायची, कोपरं थरथरायची, अंग चार बोटं वर उचललं जायचं आणि पुन्हा खाली बसायची. दोन-तीनदा असं झालं की कुणाकडे न बघता म्हणायची, ‘आता वय झालं.’

अकरा दिवसांत वय किती होतं? अकरा दिवसांनी वाढतं, एवढंच. जे झालं ते वयानं केलेलं नव्हतं. ते अकरा दिवसांच्या पडून राहण्यानं केलं होतं, आणि त्या पडून राहण्यात आम्हा सगळ्यांचा हात होता. सिस्टर मायेनं म्हणायच्या, ‘उठू नका आजी, पडाल.’ खाटेचे कठडे वर असायचे. लघवीला जायचं म्हटलं की भांडं यायचं. आणि मी स्वतः तिच्या उशाशी बसून दिवसातून दहा वेळा म्हणत होतो, ‘तू पडून राहा, आराम कर.’ यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. म्हणूनच हा विषय मला जास्त गंभीर वाटतो. वाईट हेतूनं होणारं नुकसान ओळखता येतं. प्रेमानं होणारं नुकसान वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

उतारवयात शरीराची जी पडझड होते तिच्यात वयाचा वाटा आहे आणि शरीर न वापरण्याचाही वाटा आहे. पहिल्यावर आपला इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, अगदी नव्वदीतही आहे. पण आपण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतो, त्यावर ‘वय’ अशी चिठ्ठी लावतो आणि मग काळजीपोटी नेमकी दुसरी पडझड वाढवत नेतो. घरातल्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलेली ‘आराम करा, जड उचलू नका’ ही दोन वाक्यं सरसकट द्यायचा सल्ला म्हणून चुकीची आहेत. ती मागे घ्यायला हवीत, असं मला वाटतं.

आधी वयाचं जे खरं देणं आहे ते मान्य करू. हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग वर्षागणिक उतरत जातो. रोज धावणाऱ्याचाही उतरतो आणि दिवसभर बसणाऱ्याचाही. तिशीनंतर स्नायू दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. हाडांची घनता तिशीच्या आसपास सर्वांत जास्त असते. पुढे ती हळूहळू उतरते आणि स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत झपाट्यानं उतरते. आतल्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या पेशी कमी होतात, तहानेची जाणीव बोथट होते. एड व्हिटलॉक या कॅनडातल्या धावपटूनं ७३ व्या वर्षी मॅरेथॉन तीन तासांच्या आत पूर्ण केली होती. २०१६ मध्ये, ८५ व्या वर्षी, तेच अंतर त्यानं चार तासांच्या आत पार केलं. दोन्ही गोष्टी थक्क करणाऱ्या आहेत, पण मधला एक तास कुठे गेला? या माणसानं धावणं सोडलं नव्हतं. तो एक तास वयाचा होता. तो कुणालाच चुकत नाही आणि तो चुकवता येतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पण बहुतेकांच्या बाबतीत जे घडतं त्यात वयाचा हा तास लहान असतो आणि न वापरण्याचा हिशेब मोठा असतो. याचा सर्वांत बोलका पुरावा १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये झालेल्या एका प्रयोगातून मिळतो. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्या भाषेत दम, एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोहोचलेल्या त्याच पाच जणांना संशोधकांनी पुन्हा तपासलं. तीस वर्षांत वजनं वाढली होती, पोटं सुटली होती, आणि तरीही दमातली घट विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी होती. मग सहा महिने त्यांना चालणं, हळू धावणं, सायकल असा व्यायाम दिला, तेव्हा त्यांचा दम विशीतल्या मूळ पातळीवर परत आला. पुढच्या दहा वर्षांत, साठीकडे जाताना, घसरण वेगानं झाली हेही नोंदवायला हवं. ते पाचजण साठीला आले तेव्हा कुठे चाळीस वर्षांची घट त्या तीन आठवड्यांच्या घटीएवढी झाली. चाळीस वर्षं एका बाजूला आणि तीन आठवड्यांचा आराम दुसऱ्या बाजूला, आणि काटा मधोमध. ‘आराम करा’ म्हणताना आपण काय लिहून देतो आहोत, याचा यापेक्षा स्पष्ट अंदाज मला दुसरीकडे मिळालेला नाही.

ते तर तरुण होते. वयस्कर माणसाची शिल्लक मुळातच कमी असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. आजार काही नव्हता, ताप नव्हता. दहा दिवसांत त्यांच्या पायांमधून जवळपास एक किलो मांस गेलं. आईला तर तापही होता, आणि तापात शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ‘कालपर्यंत ठीक होत्या हो, अचानक काय झालं’ हे वाक्य तिच्यातूनच येतं. तरुण माणसाला खुर्चीतून उठायला मांडीची निम्म्याहून कमी ताकद लागते. उरलेली सगळी राखीव. वयाबरोबर आणि न वापरण्यानं ही राखीव ताकद आटत जाते, पण बाहेरून काहीच दिसत नाही, कारण उठणं तर चालूच असतं. सत्तरी-पंचाहत्तरीत अनेकांची अशी अवस्था असते की एकदा उठायला असलेली जवळपास सगळी ताकद पणाला लागते. आपल्याला दिसतं ते इतकंच, की आजी उठताना हात टेकतात, नाहीतर ‘हुश्श’ करतात. मग एखादा ताप येतो, एखादं ऑपरेशन होतं, आठवडाभर पडून राहावं लागतं, आणि ताकद त्या गरजेच्या रेषेखाली जाते. शरीराची घसरण संथच होती. रेषा ओलांडली जाते ती मात्र एका दिवसात. म्हणून ते अचानक वाटतं.

पडण्याचंही असंच. स्नायूंमध्ये संथ काम करणारे आणि झटकन जोर लावणारे असे दोन जातींचे तंतू असतात. वयाबरोबर जास्त झिजतात ते झटकन जोर लावणारे. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, पोरके झालेले काही तंतू शेजारची संथ मज्जातंतूची शाखा आपल्याकडे ओढून घेते, उरलेले वाळून जातात. अडखळल्यावर दुसरा पाय पापणी लवते न लवते तोच पुढे टाकायचा असतो आणि ते काम या झटक्याच्या तंतूंचं. अडखळतो सगळेच. तरुण माणूस पाय टाकून सावरतो, म्हाताऱ्या माणसाचा पाय अर्धा क्षण उशिरा पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांची संख्या सर्वांत मोठी. पडू नये म्हणून आपण त्यांना बसवून ठेवतो. बसून राहिल्यानं सावरायची ताकदच आणखी कमी होते. मग ते पुढच्या वेळी नक्की पडतात आणि आपण म्हणतो, बघा, सांगत होतो ना, उठू नका म्हणून.

यावर ‘आमचे बाबा रोज चालतात की’ असं अनेकजण म्हणतात. चालणं उत्तमच आहे, ते कुणीही सोडू नये. दमाला, साखरेला, मनाला त्याचा उपयोग होतो. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीवर तेवढा भार येत नाही की ती आणखी बळकट व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो सगळ्यांच्या कानावर गेला आहे. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीपुढच्यांसाठी किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा. हा अर्धा भाग लोकांपर्यंत पोहोचलेलाच नाही. तपासणीला गेल्यावर डॉक्टर ‘चालता ना?’ एवढं विचारतात. ‘वजन किती उचलता?’ असं सत्तरीतल्या बाईला विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

का विचारू नये? १९९० मध्ये बॉस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात दहा जणांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनं उचलायला लावली होती. वयं ८६ ते ९६. वजनंही नावापुरती नव्हती. एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ती नेलेली होती. आठ आठवड्यांत ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी बाजूला ठेवली. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एकजण उठायला लागला. नव्वदीतल्या स्नायूलाही काम दिलं की तो वाढतो, हे त्या आठ आठवड्यांनी दाखवलं. त्याच संशोधकांनी पुढे १९९४ मध्ये शंभर जणांवर हाच प्रयोग केला, सरासरी वय ८७. तेव्हा काहींना व्यायामाऐवजी नुसता पूरक आहार दिला होता. त्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. वय वाढलं की प्रथिनं थोडी जास्त लागतात हे खरं, पण भार न टाकता नुसत्या पावडरीनं ताकद येत नाही. आणि घरोघरी आपण वयस्कर माणसाला पावडरीचा डबाच आणून देतो. तो आणून देणं सोपं असतं.

हाडं ठिसूळ झालेल्या बाईला तरी वजनं नकोतच, असं मीही मानत होतो. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीनं तो समज माझ्यापुरता मोडला. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखाली त्या खरोखरीची जड वजनं उचलत होत्या. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता सुमारे ३ टक्के वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची सुमारे १ टक्क्यानं घटली होती. हाड जिवंत असतं, भार आला की ते भरतं. देखरेखीखाली हा शब्द मात्र कुणी वगळू नये. छातीत दुखत असेल, नुकतं हाड मोडलं असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, तर आधी डॉक्टर आणि मग वजनं. पण ‘आधी डॉक्टरांना विचारा’ आणि ‘उचलूच नका’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण पहिल्याच्या जागी दुसरं सांगतो, कारण त्यात सांगणाऱ्याला जोखीम नसते.

एक आक्षेप मला मनापासून अडवतो. ज्यांनी उभं आयुष्य ओझी वाहिली, वाकून काम केलं, त्यांना म्हातारपणीही ‘आता वजनं उचला’ म्हणायचं? त्यांचे गुडघे आणि पाठ कामानंच झिजलेली असतात. त्यांना विसावा हवा असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. पण कष्ट आणि व्यायाम या वेगळ्या गोष्टी आहेत. कष्टात भार किती, किती वेळ, कुठल्या सांध्यावर, हे काम ठरवतं. दमलात तरी थांबता येत नाही, दुखलं तरी उद्या पुन्हा तेच. व्यायामात भार शरीराच्या बेतानं ठरतो, हळूहळू वाढतो आणि मध्ये विश्रांतीचे दिवस असतात. झिजलेल्या गुडघ्याला पहिल्या गोष्टीनं इजा होते आणि दुसरीनं आधार मिळतो, कारण मांडी बळकट झाली की गुडघा भक्कमपणे धरला जातो. आयुष्यभर राबलेल्या माणसाला कामातून विसावा द्यावा, जबाबदारीतून द्यावा, पैशाच्या चिंतेतून द्यावा. उठण्या-बसण्यातून विसावा दिला तर त्याचं उठणं-बसणंच जातं.

आणि म्हणूनच हे सगळं ‘म्हाताऱ्यांनो, आळस सोडा’ अशा उपदेशावर येऊन थांबलं तर मला ते मान्य नाही. बॉस्टनच्या त्या पहिल्या प्रयोगातली एक नोंद फारशी कुणी सांगत नाही: व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली. म्हणजे एखादं शिबिर घेऊन, एखादा दिवस साजरा करून भागणार नाही. ही सोय वर्षभर, परवडेल अशी आणि घराजवळ लागते. ती ज्याच्या-त्याच्या इच्छाशक्तीवर सोडता येत नाही. सार्वजनिक व्यायामशाळा पंचविशीतल्यांसाठी उभ्या राहतात. तिथला सर्वांत हलका डंबेलही ऐंशीतल्या बाईच्या कामाचा नसतो आणि तिला शिकवायला कुणी नसतं. अनेक देशांत सिग्नलचा वेळ माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून ठरवतात. वयस्कर माणसांपैकी कितीतरी जण तेवढ्या वेगानं चालतच नाहीत. रस्ता ओलांडायची भीती बसली की माणूस घराबाहेर पडणं सोडतो, आणि मग घरात खुर्ची आणि खाट एवढंच उरतं. शंभराहून अधिक चाचण्यांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. एखाद्या गोळीनं इतकं साधलं असतं तर ती सरकारी दवाखान्यांतून फुकट वाटली गेली असती.

सुरुवात कुठून करायची, असं मला विचारलं तर मी हॉस्पिटलच्या वॉर्डाकडे बोट दाखवीन. सत्तरीपुढे हॉस्पिटलात दाखल झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसं घरी जातात तेव्हा आंघोळ, कपडे, उठणं अशातलं एखादं काम पूर्वीसारखं स्वतः करू शकत नाहीत. आजार बरा होतो आणि माणूस परस्वाधीन होतो. आणि हे टाळता येतं. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथं ३७० रुग्णांवर एक चाचणी झाली, सरासरी वय ८७. त्यांतल्या निम्म्यांना तीव्र आजारात, वॉर्डातच, रोज दोन वेळा चालणं, तोल आणि वजनं असा व्यायाम दिला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची रोजची कामं स्वतः करण्याची क्षमता घरी जाताना दाखल होतानापेक्षा खालावली होती. व्यायाम करणाऱ्यांची सुधारली होती. त्यासाठी अवाढव्य यंत्रं लागत नाहीत. माणसं लागतात, म्हणजे फिजिओथेरपिस्ट लागतात, आणि वॉर्डात त्यांची नेमणूक व्हावी लागते. सिस्टर ‘उठू नका’ म्हणतात कारण चाळीस रुग्णांमागे त्या दोघी असतात आणि कुणी पडलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. पडलेल्याची नोंद होते. अकरा दिवसांत उठण्याची ताकद गेली, याची नोंद कुठेच होत नाही.

ती व्हावी, ही माझी मागणी आहे. ३० सेकंदांत, हात छातीवर घेऊन, खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं, एवढं मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ हून कमी आणि पुरुषाला १४ हून कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका जास्त मानतात, पुढच्या वयांसाठी आकडे हळूहळू उतरतात. खुर्ची आणि घड्याळ याशिवाय काही लागत नाही. रक्तदाब मोजतात तसं साठीपुढच्या प्रत्येकाचं हे दरवर्षी मोजावं. हॉस्पिटलात दाखल करताना, प्रकृती साथ देत असेल तर, मोजावं आणि घरी पाठवताना पुन्हा मोजावं. दोन्ही आकडे डिस्चार्जच्या कागदावर शेजारी-शेजारी लिहावेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा कमी असेल तर तो कशानं भरून काढायचा हेही औषधांच्या खाली लिहावं.

आई आता आठवड्यातून तीन दिवस पायांना वजनं बांधून व्यायाम करते. खुर्चीतून हात न टेकता उठायला तिला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत ती दोनदा रडली आणि एकदा सगळं सोडून देते म्हणाली. शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं तिला सोडू दिलं नाही. हॉस्पिटलचा तो कागद अजून कपाटात आहे. त्यावर नऊ औषधं आहेत, त्यांच्या वेळा आहेत, पुढच्या तपासणीची तारीख आहे आणि शेवटी ‘संपूर्ण विश्रांती’ असं लिहिलेलं आहे. दाखल होण्याच्या दिवशी ती किती वेळा उठू शकत होती, ते आम्हाला आता कधीच कळणार नाही. घरी आली त्या दिवशीचा आकडा शून्य होता.